सहा पानं, दहापैकी सात

२०२५ च्या ऑगस्टमधली गोष्ट. शनिवारी दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात ताईचा फोन आला.

"बातमी वाचलीस का रे? आरोग्याचे ऑनलाइन कोर्स बंद केले. बरं झालं. पुढचे लोक तरी सुटले!"

बातमी खरी होती. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ साली जो कायदा झाला, त्याखाली येणारे अभ्यासक्रम जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवता येणार नाहीत, असं यूजीसीने जाहीर केलं होतं. मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न आणि पोषण विज्ञान, आहारशास्त्र वगैरे विषयांची नावं त्यात होती. ताईचा त्याच्याशी थेट संबंध नव्हता, कारण तिने तिचा कोर्स आधीच सोडला होता. पण ती 'बरं झालं' का म्हणाली ते मला पक्कं माहीत होतं.

ताई तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. २०२२ मध्ये तिने सार्वजनिक आरोग्याच्या एका ऑनलाइन डिप्लोमाला प्रवेश घेतला. दोन पोरं, सासूबाईंचं आजारपण, नाइट ड्युट्या... कुठल्या कॉलेजात जाऊन बसणं शक्यच नव्हतं. रात्री पोरं झोपली की स्वयंपाकघरात बसून मोबाइलवर व्हिडिओ बघायची. पहिल्या सत्रात एक असाइनमेंट होती: तुमच्या भागातला एक आरोग्यप्रश्न निवडून त्यावर लिहा. ताईने ऊसतोडीला जाणाऱ्या टीबीच्या पेशंटवर लिहिलं. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, पेशंटची औषधं अर्ध्यात असतात, आणि पुढे तो कुठल्या कारखान्याच्या कुठल्या फडात आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. सहा पानं लिहिली तिने. हाताने लिहून मला फोटो पाठवले आणि मी ती टाइप करून दिली. (टाइप करताना डोकं बंदच होतं, हे आधीच कबूल करतो. त्याबद्दल शेवटी.)

तीन आठवड्यांनी शेरा आला. "छान प्रयत्न. ७/१०." बॅचमधल्या आणखी चौघींना तिने विचारलं. चौघींनाही "छान प्रयत्न".

दुसऱ्या सत्रात ताईने कोर्स सोडला. तेव्हा ती जे बोलली ते माझ्या डोक्यातून जात नाही. "अरे, आमच्याकडे टीबीचा पेशंट गोळ्या न्यायला आला नाही तर आशाताई त्याच्या दारात जाऊन उभी राहते. मी सात आठवडे गायब होते. एकाने विचारलं नाही."

"मेल आले असतील की," मी म्हणालो.

"ते होय? ते कुणी पाठवत नाही, आपोआप येतात."

यावर मी गप्प. कारण ते मेल आपोआप पाठवणारा प्रोग्रॅम लिहिणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे! ताईच्या विद्यापीठाचा नव्हे, दुसऱ्या क्लायंटचा, पण चीज तीच. शेवटचं लॉगिन सात दिवसांपेक्षा जुनं असेल तर मेल पाठव. व्हिडिओ नव्वद टक्के चालला असेल तर हिरवी टिक लाव. आमच्या डॅशबोर्डवर या सगळ्याला 'एंगेजमेंट' म्हणतात.

तर मंडळी, त्या फोननंतरचे काही वीकेंड मी एकाच गोष्टीच्या मागे घालवले. दुरून शिकवणं, आणि तेसुद्धा आरोग्यासारखा विषय दुरून शिकवणं, हे माणसाने आधी कधी केलंय का, आणि कुठे जमलं, कुठे फसलं? वाटलं होतं इतिहास वीसेक वर्षांचा असेल. निघाला पावणेदोनशे वर्षांचा.

सुरुवात टपालापासून. १८४० साली ब्रिटनमध्ये एका पेनीत देशभर पत्र जायला लागलं आणि आयझॅक पिटमन नावाच्या शिक्षकाने टपालाने लघुलिपी शिकवायला घेतली. शिकणाऱ्याने बायबलमधला उतारा लघुलिपीत उतरवून पाठवायचा आणि पिटमनकडून तो चुका दुरुस्त करून परत यायचा. बघा, पहिल्याच प्रयोगात टपाल दोन्ही बाजूंनी चालू होतं.

१८५८ मध्ये लंडन विद्यापीठाने मोठी उडी मारली. संलग्न कॉलेजात हजेरी लावण्याची अट काढून टाकली. कुठेही शिका, कसेही शिका, परीक्षा आमची द्या, डिग्री घ्या. पण यात एक अपवाद होता, तो म्हणजे वैद्यकशास्त्र! डॉक्टर व्हायचं तर कॉलेजात आणि रुग्णालयात जावंच लागेल. म्हणजे यूजीसीची २०२५ ची नोटीस वाचून मला जे नवीन वाटलं होतं, त्याचं मूळ तिथे सापडलं. आरोग्याचं शिक्षण दुरून देताना पोटात येणारा गोळा तेवढा जुना आहे.

लंडनच्या त्या मोकळ्या दारात एक गोम होती. विद्यापीठ परीक्षा घ्यायचं, शिकवायचं नाही. मध्ये जी पोकळी होती ती ज्याची त्याने भरायची. पैसेवाला शिकवणी लावायचा, बाकीचे एकटेच धडपडायचे.

ती पोकळी कशी भरायची, याचं मला सापडलेलं सगळ्यात सुंदर उत्तर एका बाईंचं आहे. बॉस्टनच्या ॲना एलियट टिकनर. १८७३ मध्ये त्यांनी घरबसल्या अभ्यास करणाऱ्या बायकांसाठी एक संस्था काढली. फी नाममात्र, पुस्तकं टपालाने उसनी. आणि प्रत्येक विद्यार्थिनीला एक ठरलेली बाई दर महिन्याला पत्र लिहिणार. विद्यार्थिनीने वाचलेल्याची टिपणं आठवून लिहायची, पाठवायची, आणि त्यावर उत्तर यायचं. शिकवणाऱ्या सगळ्या स्वयंसेविका. चोवीस वर्षांत सात हजारांहून जास्त बायका या पत्रांतून शिकल्या. १८९६ मध्ये टिकनरबाई गेल्या आणि पुढच्या वर्षी संस्था बंद झाली. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिम स्केल झाली नाही. पण माझ्या ताईला काय हवं होतं ते १८७३ मधल्या त्या बाईंना कळलं होतं.

आता आरोग्याकडे येऊ. १९०० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या जेम्सटाउनमध्ये पत्राने नर्सिंग शिकवणारी शाळा निघाली, शटॉक्वा स्कूल ऑफ नर्सिंग. मासिकांत जाहिराती झळकल्या. घर सोडून रुग्णालयात राहणं ज्यांना शक्य नव्हतं अशा कितीतरी बायकांनी नाव नोंदवलं. रुग्णालयात राबून तयार झालेल्या नर्सेसच्या संघटना भडकल्या. पेशंटला हात न लावता नर्स कशी होणार, हा त्यांचा सवाल होता आणि तो बिनतोड होता. इंजेक्शन द्यायला व्हिडिओ बघून येत नाही, हे ताईही सांगेल.

मग १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनरचा गाजलेला अहवाल आला. हा माणूस स्वतः डॉक्टर नव्हता, शाळामास्तर होता. अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ वैद्यकीय शाळांची त्याने पाहणी केली आणि सरळ लिहिलं की यातल्या कित्येक शाळा म्हणजे फीचा धंदा आहे. प्रयोगशाळा नावाला, पेशंट नाहीत, नुसती व्याख्यानं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जवळजवळ निम्म्या शाळा बंद तरी झाल्या किंवा दुसऱ्या शाळेत विलीन झाल्या. दर्जा वाढला, यात वादच नाही.

पण याची दुसरी बाजूही बघायला हवी. त्या वेळी कृष्णवर्णीयांसाठीच्या सात वैद्यकीय शाळा होत्या. त्यातल्या पाच बंद पडल्या, हॉवर्ड आणि मेहॅरी या दोनच उरल्या. गोऱ्यांच्या बहुतेक कॉलेजांत या मुलांना प्रवेश नव्हता. म्हणजे ज्यांच्यासाठी तेवढं एकच दार होतं त्यांचं ते दार गेलं. दर्जासाठी दार बंद करताना त्या दारातून कोण आत येत होतं हे आधी बघावं लागतं. 'बरं झालं' म्हणणाऱ्या ताईला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "ते खरं. पण ते दार उघडून आत भिंतच असेल तर?" वाद घालायला ताई भारी आहे, लहानपणापासून :-)

दार उघडं ठेवून आत भिंत नको, ही कसरत ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने केली. सनद १९६९ ची, पहिले विद्यार्थी जानेवारी १९७१ मध्ये, संख्या चोवीस हजारांच्या आसपास. पहिले कुलगुरू वॉल्टर पेरी हे एडिंबरातले औषधशास्त्राचे प्राध्यापक, म्हणजे वैद्यकाच्या जगातलेच. विद्यापीठांतलं शिकवणं एकूणच सुमार असतं, ते सुधारायची ही संधी आहे, म्हणून ते या कामात पडले.

ओपन युनिव्हर्सिटी म्हटलं की लोकांना बीबीसीवरची व्याख्यानं आठवतात. माझ्या मते खरी कमाल पडद्यामागे होती. प्रत्येक विद्यार्थ्याला एक ट्यूटर. असाइनमेंट ट्यूटर तपासणार, आणि गुण देऊन मोकळा होणार नाही तर शेरे लिहून शिकवणार. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे ट्यूटरने कसे शेरे लिहिले हे विद्यापीठाची माणसं नमुन्यादाखल तपासणार! "छान प्रयत्न" लिहून पाट्या टाकल्या तर ट्यूटरलाच विचारणा. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो. आमच्या सिस्टिममध्ये विद्यार्थ्याच्या प्रत्येक क्लिकची नोंद आहे, पण शिक्षकाने काय शेरा लिहिला ते कुणी वाचत नाही.

आणि हाताने करायच्या कामाचं काय? विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना घरी प्रयोगाची पेटी यायची. त्यात प्लॅस्टिकचा एक छोटासा सूक्ष्मदर्शक असायचा. त्याचं मूळ डिझाइन जॉन मॅकार्थर यांचं, आणि हे गृहस्थ बोर्निओत मलेरियावर काम केलेले डॉक्टर. रानात खिशात घालून नेता येईल अशा यंत्रातून पुढे ते घरोघर गेलं. शिवाय उन्हाळ्यात आठवडाभर सगळ्यांनी एकत्र राहून प्रयोगशाळेत काम करायचं. आपल्याकडे इग्नूने नव्वदच्या दशकात नोकरीतल्या नर्सेससाठी पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग सुरू केलं तेही याच वळणाचं होतं. पुस्तकं घरी, पण प्रात्यक्षिकांना ठरलेल्या केंद्रावर हजर राहायचंच. दुरून काय शिकवता येतं आणि काय नाही याची फाळणी प्रामाणिकपणे केली की गाडी चालते.

पण नर्स किंवा डॉक्टर आधीच कामावर असेल, हात रोजच पेशंटला लागत असतील, तर? इथे मला सगळ्यात आवडलेली गोष्ट येते.

आधी कॅनडा. १९६९ मध्ये मॅकमास्टर विद्यापीठाच्या नव्या वैद्यकीय कॉलेजात वीस विद्यार्थ्यांची पहिली तुकडी बसली. तिथे व्याख्यानांचा मारा नव्हता. छोट्या गटापुढे एका पेशंटची केस ठेवायची आणि त्या केससाठी जे लागेल ते शिकत जायचं. आज जगभर याला प्रॉब्लेम बेस्ड लर्निंग म्हणतात.

आता २००३, अमेरिकेतलं न्यू मेक्सिको राज्य. भारतातून गेलेले डॉ. संजीव अरोरा तिथे आल्बुकर्कीला यकृताचे तज्ज्ञ. राज्यात हेपटायटिस सीचे हजारो रुग्ण आणि त्यांच्या दवाखान्यात नंबर लागायला आठ-आठ महिने. उपचारही तेव्हा जिकिरीचा, इंजेक्शनं आणि गोळ्यांचे दुष्परिणाम भयंकर, त्यामुळे गावचे डॉक्टर हात लावायला धजत नसत. अरोरांनी प्रोजेक्ट इको सुरू केला. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉन्फरन्स. गावोगावचे डॉक्टर, नर्सेस जोडले जाणार. तज्ज्ञाचं भाषण अगदी थोडं. मुख्य काम म्हणजे गावच्या डॉक्टरने स्वतःचा पेशंट मांडायचा, अडलेलं विचारायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, बोलायचं. पुढच्या आठवड्यात त्या पेशंटचं काय झालं ते सांगायचं.

२०११ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निकाल आला. ४०७ रुग्ण. विद्यापीठाच्या दवाखान्यात बरे होण्याचं प्रमाण ५७.५ टक्के. इकोत शिकलेल्या गावच्या आणि तुरुंगातल्या दवाखान्यांत ५८.२ टक्के. म्हणजे बरोबरी! आणि गंभीर दुष्परिणाम गावाकडे कमीच. ऑनलाइन आरोग्यशिक्षणाचा दर्जा मोजायचा तर असा मोजावा. किती मिनिटं व्हिडिओ चालला हे कुणी विचारलं नाही, पेशंटचं काय झालं ते विचारलं.

गंमत म्हणजे त्याच वर्षी, २०११ च्या शरद ऋतूत, स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोफत कोर्सला एक लाख साठ हजार लोकांनी नाव नोंदवलं. शेवटपर्यंत पोचले तेवीस हजारांच्या आसपास. तिथून मूकची लाट आली आणि माझ्यासारख्यांना नोकऱ्या मिळाल्या. नावं नोंदवायची लाखोंनी, गळायचंही लाखोंनी, आणि गळतीवर उपाय म्हणून आठवणीचे मेल. पण त्या लाटेतही २०१३ मध्ये टास्मानिया विद्यापीठाने स्मृतिभ्रंशावर कोर्स काढला, त्याला नऊ हजारांहून जास्त लोक आले आणि तब्बल ३८ टक्क्यांनी तो पुरा केला. असल्या कोर्ससाठी हा आकडा फारच मोठा. घेणाऱ्यांत मोठी संख्या होती ती अशा रुग्णांची काळजी घेणाऱ्यांची. घरात आई नाव विसरायला लागली असेल तर माणूस धडा अर्धवट सोडत नाही.

असं नाही की हे सगळं तज्ज्ञांना माहीत नाही. २००० साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी लिहून ठेवलंय की ऑनलाइन वर्गात तीन प्रकारची उपस्थिती लागते: विचारांची, सोबत्यांची आणि शिक्षकाची. २००३ मध्ये अमेरिकेतल्या मेरिलँडमध्ये क्वालिटी मॅटर्स नावाचा उपक्रम सुरू झाला आणि कोर्सचा दर्जा तपासायची यादीच तयार झाली. उद्दिष्टं स्पष्ट आहेत का, परीक्षा त्यांच्याशी जुळते का, वगैरे. यादी चांगली आहे, आम्हीही अशा याद्या वापरतो. पण ती तपासते कोर्सची आखणी. रात्री साडेअकराला स्वयंपाकघरातून विचारलेल्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं का, हे कोर्स चालू झाल्यावरच कळतं, आणि तोवर यादीवाला घरी गेलेला असतो.

नेटवर्किंगमध्ये आम्ही पहिल्या वर्षीच शिकतो की पॅकेट पाठवलं म्हणजे पोचलं असं धरायचं नाही, पलीकडून पोच यावी लागते. पिटमन, टिकनरबाई, ओपन युनिव्हर्सिटीचे ट्यूटर, अरोरांची गुरुवार-शुक्रवार जी काय असेल ती साप्ताहिक बैठक, सगळीकडे ती पोच आहे. आणि पोच देणारा माणूस आहे. जिथे तो नाही तिथे पत्र असो, टीव्ही असो की ॲप, लोक गळतात. आणि आरोग्याच्या कोर्समधून नर्स गळली की तिच्यामागे तिचे पेशंटही उभे असतात.

म्हणून यूजीसीच्या निर्णयाबद्दल माझं मत अर्धं-अर्धं आहे. हाताने शिकायच्या गोष्टी नुसत्या पडद्यावर शिकवून डिग्र्या वाटू नयेत, हे शंभर टक्के मान्य. पण जी बाई तालुका सोडूच शकत नाही, तिच्यासाठी दुसरं काय ठेवलंय हे कुणीतरी विचारायला हवं.

ऑफिसात मी एक छोटा रिपोर्ट सुचवला: विद्यार्थ्याने प्रश्न विचारल्यापासून माणसाने उत्तर देईपर्यंत सरासरी किती तास गेले. मॅनेजर म्हणाला, "आयडिया चांगली आहे, पण क्लायंटने मागितलंय का?" मागितलेलं नाही. सध्या तो बॅकलॉगमध्ये पडून आहे. दर प्लॅनिंगला मी तो वर ढकलतो, कुणीतरी परत खाली ढकलतं.

आणि हो, ती सहा पानं. मागच्या महिन्यात मी ती शोधून काढली आणि पहिल्यांदा खरंच वाचली. मला टीबीतलं काही कळत नाही, म्हणून समासात नुसते प्रश्न लिहिले. टोळी निघायच्या आधी मुकादमाकडे नावांची यादी असते का? कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राला आधी फोन गेला तर चालेल का? पेशंट परत येतो तेव्हा पहिल्यांदा कुणाला भेटतो? असे अकरा प्रश्न. पाठवून दिले.

दोन दिवसांनी ताईचं उत्तर आलं. हाताने लिहिलेली चार पानं, फोटो काढून. वर एक ओळ: "टाइप करशील ना? या वेळी वाचून कर."